मुरुडला जाता जाता

१३ फेब्रुवारी १९३२, शनिवार. रत्नागिरी

दादाने आज जेवताना विषय काढलाच. आमटीचा भुरका मारला आणि मान वर न करता म्हणाला, "नाना, शिमग्यापर्यंत वाट बघायची. तोवर तुझी बायको आली तर आली. नाही तर पावसच्या लोकांना मी शब्द देणार. मुलगी चांगली आहे, घर बघणारी आहे." वहिनी वाढता वाढता थांबली. मी ताक मागितले.

बायको जिवंत, धडधाकट, आणि दुसरी आणायची. कायद्याला चालते, दादाला चालते. मला चालते का, ते कोणी विचारले नाही. मीही बोललो नाही. राग आला की मला शब्द सापडत नाहीत. संध्याकाळी सापडतात, तेव्हा दादा कोर्टाचे कागद घेऊन बसलेला असतो.

सौ. दिवाळीला माहेरी मुरुडला गेली ती तिकडेच राहिली. भावजयीचे बाळंतपण झाले, बारसे झाले. मग कळले की तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली आहे. कुणी बाई आजारी पडल्या म्हणून महिनाभर. तो महिना अजून चालूच आहे. आगबोटीने जाणाऱ्या एका गृहस्थांबरोबर निरोप धाडला होता, "कधी येणार?" उलट निरोप आला, "शाळेला सुटी नाही." दादा भडकला. मला आधी हसू आले. मग नाही आले.

१४ फेब्रुवारी, रविवार

फोटो स्टुडिओत बसवत नाही. दिवसभरात गिऱ्हाईक एकच, नवे जोडपे. दोघांत एवढे अंतर की मधे तिसरा बसेल. "जरा जवळ सरका" म्हटले तर नवरा माझ्यावरच गुरकावला. फोटोची काच वाया.

मुंबईचा एक कॅलेंडरवाला मित्र वर्षभर पाठीस लागला आहे, कोकणकिनाऱ्याचे देखावे पाठव म्हणून. ठरले. शिडाचा मचवा करून जायचे. जयगड, हेदवी, गुहागर, दाभोळ, हर्णै. हर्णैहून मुरुड पायी.

वहिनीला सांगितले. म्हणाली, "आगबोटीनं सकाळी चढलात तर दुपारी हर्णैला उतराल. मचव्यातून कशाला हाल?" म्हटले, आगबोटीतून देखावे मिळत नाहीत. ती हसली. तिला सगळे कळते, बोलत नाही. आगबोटीने गेलो तर बायकोला आणायला गेलो असे होते. न बोलावता जावई दारात! मचव्याने गेलो तर जाता जाता डोकावलो. मुरुड काय, वाटेवरच आहे.

कुठल्या वाटेवर, ते कोणी विचारू नये म्हणजे झाले.

१६ फेब्रुवारी, मंगळवार. काळबादेवीसमोर

निघालो. मचवा चालवणारा तांडेल राजिवड्याचा उस्मान. दाढ दुखते, गालात लवंग धरलेली. म्हटले, बरे झाले, बोलणे कमी होईल. झाले उलटेच. खलाशी गोमा, खारवी. तो मात्र बोलतच नाही. दोघांचे मिळून प्रमाण बरोबर.

पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला होता, शीड भरले, भगवतीच्या किल्ल्याचे टोक मागे पडले आणि छाती मोकळी झाली. फार दिवसांनी. उस्मान म्हणाला, "दुपारपावेतो गणपतीपुळा दाखवतो, बगा." दुपारी वारा फिरला तो नाकासमोरून. संध्याकाळी काळबादेवी. गोमाने वल्ही मारून मारून हात सोलवटून घेतले. उस्मान म्हणतो, चूक वाऱ्याची.

कॅमेरा मेणकापडात. अजून उघडलेला नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार. मालगुंड

सकाळी देखावा होता. नारळी पार पाण्यापर्यंत आलेल्या, एक होडी, मागे तांबडा कडा. उतरलो, तिकाटणे रोवले, काळ्या कापडात डोके घातले. आणि काढले. "पुढे चला."

उस्मान: "काढलात?"
"नाही."
"मग उतरलात कशाला?"

याचे उत्तर मला माहीत असते तर मी घरीच नसतो का बसलो? कुठे बूड टेकत नाही. मचव्यात असलो की किनाऱ्यावर जावेसे वाटते, किनाऱ्यावर गेलो की मचव्यात. लग्नाला सहा वर्षे झाली, मूल नाही. घरातली माणसे त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणजे आमच्यासमोर बोलत नाहीत. ती गेल्यापासून माझ्या खोलीत कोणी मोठ्याने वाचत नाही. रोज दुपारी वर्तमानपत्र वाचायची, जाहिरातींसकट. तेव्हा त्रास वाटायचा.

बरोबरचे पोहे संपत आले. उस्मान तांदळाची भाकरी पुढे करतो. आज घेतली. दादाला कळले तर पंचगव्य. भाकरी फार चांगली होती.

२० फेब्रुवारी, शनिवार. जयगड

किल्ल्याखाली कॅमेरा लावला आणि लगेच एक पोलीस हजर. किल्ल्याचा फोटो कशाला? टोपी खादीची का? गावात सभा घेणार का? म्हटले, बाबा रे, कॅलेंडर. "कसलं कॅलेंडर?" तिथ्यांचे. एकादशा, चतुर्थ्या. त्याला ते पटले. एक फोटो त्याचाही काढावा लागला, छाती काढून.

दुपारी उत्तरेकडे आगबोट गेली. धूर बराच वेळ दिसत होता. त्यातले लोक दिवस मावळायच्या आत हर्णैला उतरले असतील. त्यातल्या कुणाच्या पायाखाली मुरुडची वाळू येईल, आणि त्याचे तिथे काही काम नसेल. मला त्या अनोळखी माणसाचा राग आला. उगीच.

२२ फेब्रुवारी, सोमवार. हेदवी

पौर्णिमा. समुद्राला उधाण. बामणघळीत लाट शिरते आणि खडकाच्या चिरेतून उभी फुटते, माडाएवढी. याचा फोटो घ्यायचाच होता. घेतला. पण लोभ सुटला, आणखी जवळ गेलो, आणि पुढची लाट मी, कॅमेरा, तिकाटणे, सगळ्यांना एकदम स्नान घालून गेली. गोमा पहिल्यांदा बोलला: "जवळ जाऊ नये." आता सांगून काय उपयोग?

दशभुजा गणपतीच्या पुजाऱ्यांकडे ओले कपडे वाळत घातले. त्यांची बायको वाढता वाढता विचारते, "एकटेच? मंडळी कुठं?" म्हटले, माहेरी, बाळंतपणाला गेलीय. खोटे नाही. कुणाच्या ते सांगितले नाही. बाईंचा चेहरा उजळला. निघताना हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. "तिला द्या हो. पहिलंच ना?"

मान हलवली. काय करणार?

२३ फेब्रुवारी, मंगळवार. वेळणेश्वर

डबा मचव्यात समोर होता. पाहवेना. उस्मानला म्हटले, खा. तो म्हणाला, दाढ दुखते. गोमाने खाल्ले, मी खाल्ले. तूप भरपूर होते. खाता खाता डोळ्यांत पाणी आले आणि उस्मानने ते पाहिले. त्याने शिडाकडे बघितल्यासारखे केले.

आज देखावा नाही. फोटो नाही.

२५ फेब्रुवारी, गुरुवार. गुहागर

समोरचा वारा, दोन दिवस एकाच जागी. ही वाळू सरळ, लांब, संपतच नाही. सकाळी एका टोकाकडे चालत जातो, कंटाळून परत येतो. लोक ओळखू लागले. कुणी म्हणते सर्व्हेवाला, कुणी म्हणते बायको पळालेली. दुसरे म्हणणाऱ्याला मी पाहून ठेवले आहे.

उस्मानने न्हाव्याकडून दाढ काढून घेतली. गाल हा एवढा. आता बोलणे बंद होईल म्हणावे तर खुणांनी बोलतो.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार. गुहागर

भांडण. सकाळी उस्मान म्हणाला, "दाढ गेली, मी मोकला. वारा असा हाय, फोटो तुमी काढत नाय. मागं फिरू. शीड सोडलं का उद्या राजिवड्यात."

मी म्हटले, पुढे जायचे.
"कशाला?"
"देखावे."
"देखावे मागं नव्हते?"

तेव्हा ओरडलो. सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा. "माझी बायको आहे मुरुडला! चार महिने झाले. येत नाही. शिमग्याच्या आत गेलो नाही तर माझ्या गळ्यात दुसरी बांधणार आहेत. आणखी काही विचारायचंय?"

दहा दिवसांत पहिल्यांदा खरे बोललो, तेही तांडेलाशी आणि ओरडून.

उस्मानने सुजलेला गाल चोळला. मग म्हणतो, "येडं का काय तुमी? हे आधी बोलायचं ना! मी समजलो पैशेवाला मानूस, हवा खायला आलाय. बायकूचं काम आसल तं मी वारा नाय बगत. गोमा, उचल नांगर."

"आत्ता?"
"मग कवा?"

२७ फेब्रुवारी, शनिवार. कोळथरे

काल सकाळपासून मचवा नुसता पळतो आहे. इकडे तिरपा, तिकडे तिरपा, वाऱ्याला वळसे घालत. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटी आणि वारा समोरासमोर, पाणी उकळत होते. मी तळाशी कॅमेरा पोटाशी धरून. अथर्वशीर्ष अर्ध्यावर विसरलो. उस्मान सुकाणू धरून आरडाओरडा करत होता आणि खुशीत होता. गोमा एकदा म्हणाला, "थांबू या काय?" त्याला शिवी मिळाली.

आता भीती वेगळीच. इतक्या लवकर पोचायचे नव्हते. काय बोलायचे ते ठरलेले नाही. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत. उस्मानला म्हटले, दाभोळला एक दिवस राहिलो असतो, देखावा छान होता. त्याने नुसते पाहिले.

२८ फेब्रुवारी, रविवार. हर्णै

सुवर्णदुर्ग पाण्यात उभा. बंदरात मचवे, पडाव, माशांचा वास, लिलावाची ओरड. आमचा मचवा किनाऱ्याजवळ लावला. ओहोटीला गाळावर बसतो, भरतीशिवाय हलत नाही.

दाढी केली. कोट झटकला, खारट पाण्याचे पांढरे डाग जात नाहीत. उस्मान म्हणाला, "ऱ्हाऊ दे. समुद्रातून आलात ते दिसू दे."

आज जायला हवे होते. रविवार म्हणजे शाळा बंद, ती घरी असणार. म्हणूनच गेलो नाही. उद्या.

२९ फेब्रुवारी, सोमवार. मुरुड

चार वर्षांनी एकदा उगवणारा दिवस, म्हणजे फुकटचाच.

आण्णा, माझे सासरे, ओटीवर सुपारी कातरत होते. मला पाहिले आणि अडकित्ता हातातून पडला. "या या जावईबापू. असे अचानक? घरी सगळं मंगल ना?" सासूबाईंनी गूळ-पाणी आणले, दाराआडून चौकशी केली. म्हटले, फोटो काढत चाललो होतो, वाटेवर म्हणून. आण्णांनी मान डोलावली. त्यांनी विचारले नाही कुठल्या वाटेवर. भला माणूस. मग हळूच, "यमू शाळेत आहे. तिकडेच जा ना."

शाळेच्या दाराशी शिपाई. म्हटले, इंदिराबाई आहेत का?
"इंदिराबाई कोणी नाहीत."
"असं कसं? इथं शिकवतात."
"नाहीत म्हटलं ना. दुसरी शाळा बघा."
आता मुरुडला मुलींची दुसरी शाळा कुठून आणू? तापलो. म्हटले, अहो, माझी बायको आहे ती! तसा तो उठून उभा राहिला. "म्हणजे यमूबाईंचे यजमान का तुम्ही?"

आत मुली खिदळल्या.

लग्नात तांदळावर अंगठीने नाव मी लिहिले होते, इंदिरा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साखर वाटली. सहा वर्षांत त्या नावाने मी तिला एकदाही हाक मारलेली नाही. कोण मारतो? अगं म्हटले की झाले. आज पहिल्यांदा ते नाव तोंडातून काढले तर त्या नावाचे इथे कोणी नाही.

खिडकीतून दिसली. फळ्यावर नदी काढत होती. मला पाहिले. खडू थांबला. मग नदी समुद्रापर्यंत नेली, खाली नाव लिहिले, मुलींना उतरवून घ्यायला सांगितले, आणि बाहेर आली. जाड झाली आहे थोडी. छान दिसते.

"बरे आहात ना?" म्हणाली. "कोटाला काय झालं?"

"समुद्र," म्हटले.

एवढेच. आत गेली. तास चालू होता.

१ मार्च, मंगळवार. मुरुड

सकाळी वाडीत गाठ पडली. पोफळींना पाणी सुटले होते, ती पाटाशी उभी. घरात बोलता येत नाही, दाराआड कोणी ना कोणी.

"आणायला आलात का?"
"नाही. फोटो काढत चाललो होतो. वाटेवर म्हणून."
"कुठल्या वाटेवर?"

सगळ्या कोकणात नेमके तिनेच विचारले.

ती म्हणाली, "बरं. फोटो काढायला आलात तर काढा. माझ्या मुलींचा कोणी काढलेला नाही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, माझाही आणि तिचाही. दुपारी कॅमेरा घेऊन शाळेत. मुलींना तीन रांगांत उभे केले, ती कडेला. काळ्या कापडात डोके घातले. काचेवर सगळे उलटे दिसते. मुली डोक्यावर उभ्या, झाड खाली लोंबते, आणि कडेला ती, पाय आभाळाकडे, माझ्याकडे टक लावून. मी कापडातून लवकर बाहेर आलो नाही. तिथे मला कोणी पाहत नव्हते आणि मी तिला हवे तेवढे पाहू शकत होतो. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, यांना आत झोप लागली का?"

संध्याकाळी पुन्हा वाडीत. सांगून टाकले. शिमगा, दादा, पावसची मुलगी. ती ऐकत होती. पायाने पाटातला पाला सारत होती.

"केवढी आहे?"
"असेल सोळा-सतराची."
"वाचता येतं तिला?"
"विचारलं नाही."
"विचारा."

एवढे शांतपणे म्हणाली की माझ्या कानशिलात बसल्यासारखे झाले.

मग म्हणाली, "तुम्हाला काय हवंय? दादांना काय हवंय ते कळलं." मला म्हणायचे होते, तू. एक अक्षर. म्हणालो, "घर." ती म्हणाली, "घर तिथंच आहे. ते कोण उचलून नेतंय?"

तिने तिचे सांगितले. रत्नागिरीत सकाळची चूल, दुपारी पापड नाही तर निवडणे, आणि संध्याकाळी कोणी तरी विचारणार, काही आहे का, म्हणजे दिवस गेलेत का. इथे सकाळी उठली की मुली वाट बघत असतात. आजारी बाई आता येणार नाहीत, जागा तिलाच देताहेत. मग, पाण्याकडे बघत, "तुम्हीच राहा ना. दापोली जवळ आहे. तिथल्या कॅम्पातल्या लोकांना फोटो लागतात."

"घरजावई?"

"तो शब्द तुमचा. मी राहा म्हटलं."

मी रागावलो की नाही ते अजून कळले नाही. जेवणात आण्णांनी आग्रह करकरून तूप वाढले. ते एकदा म्हणाले, "घेऊन जा हो तिला. लोक बोलतात." आत भांडे जोरात आपटले गेले. कोणी आपटले ते दिसले नाही.

२ मार्च, बुधवार. हर्णै, संध्याकाळ

सकाळी निघालो. जावई तिसऱ्या दिवशी राहिला की पाहुणा राहत नाही. आण्णा वाडीच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत आले आणि काही तरी निमित्त काढून मागे वळले. ती शाळेला निघालेली, हातात पुस्तके. आम्ही दोघेच.

रात्रभर ठरवलेले सगळे गेले. एवढेच निघाले, "उद्याच्या भरतीला हर्णैहून निघतो. येतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काही तरी बोलणार होती, नक्की बोलणार होती. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. तिने पुस्तके छातीशी घेतली, म्हणाली, "येते," आणि शाळेच्या वाटेला लागली.

मी अर्ध्या हर्णैपर्यंत आनंदात आलो. गाणे म्हणत आलो, खोटे कशाला सांगू. करंजाच्या झाडांच्या सावलीत पाय थबकला. येते म्हणजे काय? कुठेही निघालेले माणूस येतो म्हणते. जातो म्हणू नये, अपशकुन. रोज शाळेला निघताना ती आईला हेच म्हणत असणार. मी विचारले त्याचे उत्तर होते, की निघता निघता म्हणायचे म्हणून म्हटले?

तसाच उलटा फिरून विचारावे असे वाटले. शाळेच्या दारात, शिपायापुढे, मुलींपुढे? नाही झाले.

उस्मानला सांगितले. म्हणाला, "येते म्हटली ना? मग येल. बायको शब्द देते तो पाळते. उगाच डोका नका फिरवू." गोमा जाळे निवडता निवडता म्हणाला, "आमच्यात बाई पान्याला गेली तरी येते म्हणते." उस्मानने त्याच्या अंगावर दोरी फेकली.

मी दोघांचेही ऐकले. दोघांचेही खरे वाटते. जेवलो नाही.

३ मार्च, गुरुवार. हर्णै

सकाळची भरती. मचवा वर उचलला, हलू लागला. मी उजाडल्यापासून उभा. आगबोटीची माणसे तिच्याकडे नेणाऱ्या पडावात चढली, बोचकी, पोरे, रडणे, हाका. मुरुडच्या वाटेने जी बाई दिसेल ती तीच वाटे. सगळ्या माशांच्या पाट्यावाल्या. एक नऊवारीतली, हातात पिशवी, तीच चालण्याची ढब. जवळ आली तर म्हातारी.

उस्मान: "आता नाय निघालो तर गाळात बसू."
"बसू."
"फोटोवाले..."
"बसू म्हटलं ना!"

पाणी उतरले. मचवा कलंडून बसला. उस्मान बाजारात गेला.

दुपार. आता माझेच मला हसू येते आहे. मी काय म्हणालो? उद्याच्या भरतीला. दिवसाला भरत्या दोन असतात. रत्नागिरीत जन्म गेला, तांडेलाच्या मचव्यातून आलो आणि कोणत्या भरतीला ते सांगितलेच नाही! ती समुद्राकाठची, तिला दोन्ही माहीत. शाळा सोडून सकाळी निघणारी ती नाही, हे मला तरी कळायला हवे होते. शाळा संध्याकाळी सुटते.

की हे सगळे मीच मला समजावतो आहे? असेल.

एक मात्र ठरले, आणि हे ठरवायला कोणी आले नाही, मी एकट्याने गाळात बसून ठरवले. ती येवो न येवो, पावसला शब्द जाणार नाही. दादाच्या तोंडावर सांगेन, जेवताना, ताक न मागता. त्यापुढे मी कुठे राहीन, रत्नागिरी की दापोली की या मचव्यात, ते मला खरेच माहीत नाही. सकाळी मी तिची वाट बघत होतो. आता वाटते, ती आली तर तिला शाळा सुटली, आणि नाही आली तर मी. दोहोंत सुख कशात ते सांगता येत नाही. तरी ती यावी असे वाटते. फार वाटते.

संध्याकाळ. पाणी आले. मचवा सरळ झाला. उस्मान शीड मोकळे करून बसला आहे, विचारत नाही. गोमा माझ्यासाठी भाकरी घेऊन आला.

मुरुडच्या वाटेवर दोघे जण दिसताहेत. मागची बाई आहे. पुढच्याच्या डोक्यावर काही तरी आहे, चौकोनी. ट्रंक असेल, नाही तर माशांची पेटी. उजेड कमी झाला आहे, आणि ती दोघे फार सावकाश चालताहेत.